जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सेकंडहँड लॅपटॉप घेतला आहे. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज ११ चढत नाही. कोणतं लिनक्स टाकू?

लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तुमचं मशीन चालू स्थितीत असूनही नियमात बसत नाही. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

पण माझं ऐकाल तर कोणतं लिनक्स या विचारात आठवडा घालवू नका. आधी हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. मशीन सुरू व्हायला आणि प्रोग्राम उघडायला जो वेळ लागतो, त्यातला मोठा वाटा त्या फिरत्या डिस्कचा असतो. त्यानंतर रॅम. डेस्कटॉप कितीही हलका घेतला तरी ब्राउझर हलका होत नाही, आणि ४ जीबीत दहा-बारा टॅब उघडले की मशीन धापा टाकू लागतं. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ४ जीबीची आणखी एक पट्टी लावा. ती डीडीआर-३ हवी. डीडीआर-४ त्या खाचेत बसणारच नाही.

प्रश्न: विंडोज पुसण्याआधी लिनक्स आपल्या मशीनवर नीट चालतं का, हे कसं कळेल?

लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून. इन्स्टॉल करण्याआधी सगळ्यांनीच हे करावं, असा माझा आग्रह आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल) आणि रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने मिंटची आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिम असलेली एकच फाइल) त्यावर लिहा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूचं बटण दाबा. डेल आणि लेनोव्होत ते बहुधा एफ-१२ असतं, एचपीत एफ-९. पेनड्राइव्ह निवडलात की पूर्ण डेस्कटॉप समोर येतो आणि आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही.

आता घाई करू नका. वाय-फाय जोडा, एखादा व्हिडिओ आवाजासकट चालवा, कॅमेरा उघडा, एकेक की दाबून पाहा. झाकण मिटवून दोन मिनिटांनी उघडा. मशीन झोपेतून उठतं का, याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही आणि नंतर रोजचा वैताग होतो. मग मेन्यूतलं ‘डिस्क्स’ उघडून हार्ड डिस्कचा स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर काउंट’ (खराब झाल्याने बदललेल्या जागांची संख्या) समोर शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर त्या डिस्कवर काहीही टाकू नका, ती बदला. वापरलेल्या मशीनची ही तपासणी विकत घेण्यापूर्वीच केली तर फारच उत्तम. पेनड्राइव्ह सोबत न्या.

लाइव्हवर थोडं संथ वाटेल. तो पेनड्राइव्हचा वेग आहे, त्यावरून मत बनवू नका.

प्रश्न: मिंट टाकलं, पण वाय-फाय दिसतच नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये हे बहुधा ब्रॉडकॉमच्या कार्डामुळे होतं. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे इंटरनेट मिळेल. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर मॅनेजर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्या. पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला की ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही, आणि माणूस उगाच कार्डाला दोष देतो.

प्रश्न: बूट मेन्यू उघडायला गेलो तर लॅपटॉप पासवर्ड मागतो. विकणाऱ्याला तो माहीत नाही.

परत करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, बटण सेल काढून तो जात नाही. शिवाय मशीन एखाद्या ऑफिसचं किंवा चोरीचंही असू शकतं.

प्रश्न: हिशेबाचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. दोन्ही ठेवता येतील?

येतील. आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मग विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करून मिंटसाठी निदान ४० जीबी मोकळी करा आणि विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. इन्स्टॉलर ‘इरेज डिस्क’ असा पर्यायही दाखवेल. त्याला हात लावू नका. तुम्हाला ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ हवं आहे.