१५० रुपयांचा काळा मसाला ऑनलाइन विकतो, कुरिअरच ८० घेतं, वर लोक पार्सल परत करतात, काय करावं?

एकेक पुडी पाठवणं बंद करा आणि सीओडी (पार्सल हातात पडल्यावर पैसे) तर ठेवूच नका, १५० च्या मालावर परवडतच नाही. मी लातूरहून मसालाच पाठवते. कुरिअरवाले बहुतेक ५०० ग्रॅमचा स्लॅब धरतात, म्हणजे २०० ग्रॅमच्या पुडीलाही पैसे अर्ध्या किलोचेच, मग दोन पुड्यांचा सेट करा, भाडं किमतीतच धरून. मोठं खोकं नको, सेंटीमीटरमधे लांबी-रुंदी-उंची गुणून ५००० नं भागतात अन् येईल ते किलोतलं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं की तेच लावतात. सीओडी परत आलं की जायचं-यायचं दोन्ही भाडं आपल्याच बोकांडी. पॅक करताना पुडी काट्यावर ठेवून व्हिडिओ काढा, 'वजन कमी निघालं' म्हणणारं गिऱ्हाईक तो बघून गप होतं (बहुतेक तरी). मात्र पुडी खरंच फुटलेली असंल तर हुज्जत न घालता दुसरी पाठवा.