केबलआधी टोकं बघ

मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतोस ना? मग स्पीकरच्या महागड्या केबलचं खूळ तूर्त बाजूला ठेव. खाऱ्या हवेत तांब्याची उघडी टोकं हिरवी पडतात, स्पीकर खरखरतो आणि शिव्या बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला. तो बंद करून टोकं छाट, तार नव्याने सोल, टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. पाच-सात मीटरला साधी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली. महागड्या डिजिटल केबलने बास खुलतो म्हणणाऱ्याला चहा पाज, पैसे देऊ नकोस. सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झला साधा डॅकही (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) पुरतो. टीव्ही जोडल्यावर घूं-घूं आली तर ऑप्टिकल केबल लाव. तिच्यातून प्रकाश जातो, वीज वाहत नाही. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढ, नुसता स्विच बंद करून भागत नाही.