ख्रिसमस ट्रीवरचे बॉल, पण खायचे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नाताळसाठी ऑर्नामेंट केक बॉलची कृती दिली होती. केकचा चुरा बटरक्रीममध्ये मळून गोळे वळायचे, वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे आणि वर फॉन्डंटची (लाटता येणाऱ्या मऊ साखरी लगद्याची) छोटी टोपी व कडी बसवायची, की झाडावर टांगतात तसा रंगीत बॉल तयार. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरेच प्रश्न आले. बहुतेकांचं मूळ इथल्या हवेत आहे. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे गारवा असतो, दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. व्हिडिओंमधल्या कृती मात्र थंड, बंद स्वयंपाकघर धरून सांगितलेल्या असतात. त्या जशाच्या तशा इथे चालत नाहीत.

प्रश्न : गोळे चॉकलेटात बुडवले की टूथपिकवरून गळून पडतात. जे टिकले त्यांना तासाभरात तडे गेले आणि तड्यांतून तेल बाहेर आलं. (विजापूर रोड)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. गळून पडतात ते क्रीम जास्त झाल्यामुळे. ५०० ग्रॅम केकच्या चुऱ्याला ८० ते १०० ग्रॅम बटरक्रीम किंवा गनाश (गरम सायीत विरघळवलेलं चॉकलेट) पुरे. बेकरीतला किंवा दही घालून केलेला केक मुळातच ओलसर असतो, त्याला ६० ग्रॅमपासून सुरुवात करा. क्रीम एकदम ओतू नका. चमचा-चमचा घालत मळा. बेसनाचा लाडू वळताना मूठ दाबली की मिश्रण धरतं आणि बोटाने टोचलं की मोडतं, तिथे थांबायचं. हाताला चिकटायला लागलं तर क्रीम जास्त झालं. तेव्हा आणखी चुरा घाला, पिठीसाखर नको. साखर ओल धरते आणि फ्रिजबाहेर काढल्यावर गोळा पुन्हा मऊ पडतो. चुरा करताना केकच्या कडेची तपकिरी, कडक साल काढून टाका, नाहीतर वरून गुळगुळीत दिसणाऱ्या बॉलमध्ये ती दाताखाली येते.

गोळा वजनावर करा, प्रत्येकी ३० ग्रॅम. साधारण साडेतीन-चार सेंटिमीटरचा बॉल होतो. टूथपिकचं टोक आधी वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून मग अर्ध्यापर्यंत खोचा आणि फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा. ते चॉकलेट आत घट्ट झालं की गोळा सुटत नाही. टूथपिक काढल्यावर राहिलेलं भोक टोपीखाली झाकलं जातं.

तडे जातात ते गोळे फ्रीझरमधून काढून थेट बुडवल्यामुळे. गोठलेला गोळा बाहेरच्या उबेत फुगतो, त्याच वेळी वरचं चॉकलेट गार होऊन आक्रसतं आणि फुटतं. मग आतलं लोणी-तेल त्या फटीतून पाझरतं. गोळे फ्रीझरमध्ये नव्हे, फ्रिजमध्ये एक-दीड तास ठेवा आणि बुडवण्याआधी दहा मिनिटं ओट्यावर काढा. बाहेरून गार लागावेत, पण बर्फगार नसावेत. चॉकलेटही ४० अंशांपेक्षा गरम नको. एवढं करूनही बारीक फट दिसली तर बोटावर थोडं चॉकलेट घेऊन लगेच बुजवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलीत तर आतला केक सुकतो.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही. कोणता केक घ्यावा? (बार्शी)

दह्याचा केक या कामाला उत्तम, कारण तो फुगला नाही तरी बिघडत नाही. शेवटी चुराच करायचा आहे. २०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम आंबट नसलेलं घट्ट दही, ८० मिली बिनवासाचं तेल, ७० मिली दूध, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा व्हॅनिला. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा. सुमारे ६०० ग्रॅम केक होतो, त्यात क्रीम मिसळून बावीस-तेवीस बॉल निघतात. केक आदल्या दिवशी करा. ताज्या केकची वाफ आत असते आणि त्याचा चुरा न होता लगदा होतो.

प्रश्न : घरात थोडं कंपाऊंड आणि थोडं खरं चॉकलेट होतं. दोन्ही एकत्र वितळवलं. बॉल घट्टच होईनात, नंतर वर पांढरे डाग आले. (जुळे सोलापूर)

ही दोन चॉकलेटं एकत्र करू नयेत. खऱ्या, म्हणजे कुव्हर्चर चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. कंपाऊंडमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, बहुधा पाम कर्नलची. या दोन चरबी एकमेकींना घट्ट होऊ देत नाहीत. मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ राहतं आणि काही दिवसांत चरबी वर येऊन पांढुरके डाग पडतात. डाग आलेलं खायला हरकत नाही, पण दिसतं वाईट. राहिलेलं मिश्रण गनाश करून आतल्या चुऱ्यात वापरून टाका.

सोलापुरात दुपारी काम करणार असाल तर सरळ कंपाऊंड घ्या. त्याला टेंपरिंग, म्हणजे ठरावीक अंशांवर गरम-गार करून चकाकी आणणं, लागत नाही. ४० ते ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ४० च्या खाली आणायचं, बुडवायचं. चवीला कुव्हर्चरच सरस, यात वाद नाही. ते वापरायचं असेल तर काम पहाटे उरका. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. एक तृतीयांश बाजूला बारीक चिरून ठेवलेलं असू द्या. ते थोडं थोडं घालत, ढवळत २८ अंशांपर्यंत उतरवा आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून वापरा. मिल्क चॉकलेट २९-३० अंशांवर, व्हाइट २८-२९ अंशांवर. आता खोलीच ३० अंशांची असेल तर व्हाइट चॉकलेट २८ वर कसं राहणार? म्हणून पहाट. साधा डिजिटल थर्मामीटर घेतल्याशिवाय कुव्हर्चरच्या नादी लागू नका. चाचणी सोपी आहे: सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत कोरडं, चकचकीत झालं तर जमलं. रेघा दिसल्या किंवा बोटाला लागलं तर पुन्हा सुरुवातीपासून.

वीस बॉलना प्रत्यक्ष ३०० ग्रॅम चॉकलेट लागतं, पण वितळवा ४५० ग्रॅम. पसरट वाडग्यात गोळा बुडत नाही, तळाला घासतो आणि चुरा चॉकलेटात पडतो. स्टीलचा उंच, अरुंद पेला घ्या. गोळा एकदाच सरळ खाली, सरळ वर. आत फिरवायचा नाही. मग टूथपिक धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलके टिचकी मारत राहा, जादा चॉकलेट गळून जातं. कंपाऊंड दाट वाटलं तर २०० ग्रॅमला एक चमचा बिनवासाचं रिफाइंड तेल घाला. खोबरेल टाळा: ते २४-२५ अंशांनाच वितळतं, त्यामुळे दुपारी कवच मऊ पडून बोटांचे ठसे उमटतात.

प्रश्न : पांढऱ्या चॉकलेटमध्ये लाल जेल कलर घातला आणि क्षणात त्याचा गोळा झाला. (अक्कलकोट)

जेल कलरमध्ये पाणी असतं. वितळलेल्या चॉकलेटला दोन-चार थेंब पाणीही पुरतं; साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं रवाळ, घट्ट होतं. डबल बॉयलरची (खाली गरम पाणी, वर चॉकलेटचं भांडं) वाफ, ओला चमचा, नीट न पुसलेलं भांडं यांनीही हेच होतं. रंग तेलाचा किंवा खास चॉकलेटसाठीची पावडर हवी. घट्ट झालेलं चॉकलेट तेलाने बुडवण्याजोगं होत नाही. त्यात गरम साय घालून गनाश करा. गडद लाल हवा असेल तर पांढऱ्याला रंगवत बसण्यापेक्षा तयार लाल कंपाऊंड घ्या. पांढऱ्यात इतका रंग ओतावा लागतो की चव कडवट होते.

प्रश्न : फॉन्डंट लाटताना फाटतो, टोपीच्या कडा सुरकुततात. फ्रिजमध्ये ठेवले तर टोप्या चिकट होऊन घसरतात. (होटगी रोड)

लाटताना तो कोरड्या हवेने सुकतो आणि फ्रिजमधून बाहेर आल्यावर ओला होतो. दोन्ही टोकं सांभाळायची आहेत.

पाकीट उघडलं की लागेल तेवढाच गोळा काढा, बाकीचा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा. पंख्याखाली पाच मिनिटं उघडा राहिला तरी वर साल धरते, आणि ती साल पुन्हा मळली की आत कोरडे कण राहतात. पुढे तिथेच फाटतं. तळहाताला वनस्पती तूप चोळून दोन मिनिटं मळा. तरीही फाटत असेल तर २५० ग्रॅमला अर्धा चमचा खाण्याचं ग्लिसरीन. पाणी लावू नका, वरून मऊ आणि आतून कोरडा असा भलताच प्रकार होतो. पोळपाटावर पिठीसाखरेऐवजी कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, तेही कापडाच्या पुरचुंडीतून, अगदी थोडं.

टोपीसाठी फॉन्डंट तीन मिलिमीटर जाड लाटून दीड सेंटिमीटरची चकती कापा. नसेल कटर तर बाटलीचं स्वच्छ, अरुंद झाकण चालतं. कडेला टूथपिकने उभ्या रेघा दाबल्या की पत्र्याच्या टोपीसारखी नक्षी दिसते. कडीसाठी वेगळा फॉन्डंट घ्या: १०० ग्रॅमला अर्धा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी खाण्याची पावडर) मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग दोन मिलिमीटरची सुतळी वळा, चार सेंटिमीटरचे तुकडे करून पेन्सिलवर वाकवा आणि रात्रभर वाळू द्या. आपली कोरडी हवा इथे कामाला येते. दमट गावी याला दोन दिवस लागतात. टोपी चॉकलेटवर पाण्याने चिकटवू नका, सुटते. वितळलेल्या चॉकलेटचा वाटाण्याएवढा थेंब लावून दहा सेकंद दाबून धरा.

फ्रिजच्या बाबतीत नियम एकच: फॉन्डंट लावलेला बॉल शक्यतो फ्रिजमध्ये नको. ठेवावाच लागला तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा दीड-दोन तास उघडू नका. हवेतली वाफ डब्याच्या बाहेरून जमू दे. लगेच झाकण काढलंत तर तीच वाफ फॉन्डंटवर बसते, साखर विरघळते आणि टोपी घसरते.

प्रश्न : चमक आणायला हस्तकलेच्या दुकानातलं ग्लिटर चालेल का? पाकिटावर नॉन-टॉक्सिक लिहिलंय. (नवी पेठ)

नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. हस्तकलेचं ग्लिटर बहुधा प्लास्टिकचं असतं. पाकिटावर एडिबल असं स्पष्ट लिहिलेलं, घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असलेलंच घ्या. लस्टर डस्ट, म्हणजे खाण्याची चमकदार पावडर, कोरड्या, मऊ ब्रशने लावा. पाण्यात कालवली तर चॉकलेटवर ठिपके राहतात.

टोपीसाठी याहून चांगली वस्तू मिठाईवाल्याकडे मिळते: चांदीचा वर्ख. फॉन्डंटवर ओलसर ब्रश एकदा फिरवायचा, वर्खाचा कागद उलटा टेकवायचा, वरून बोटाने दाबून कागद उचलायचा. खऱ्या बॉलच्या धातूच्या टोपीची झळाळी येते, ती कुठल्याही पावडरीने येत नाही. पंखा बंद ठेवा. पाकीटबंद वर्ख घ्या. नियमानुसार तो ९९९ शुद्धतेचा आणि प्राणिजन्य पदार्थ न वापरता केलेला असावा लागतो.

प्रश्न : हे बॉल खरंच झाडावर टांगता येतील का? (सात रस्ता)

केकचे नाहीत. कवच आणि टोपी धरून एकेक ४५ ग्रॅमचा होतो आणि फॉन्डंटची कडी तेवढं वजन पेलत नाही. तारेची कडी खोचू नका, लहान मूल चावलं तर तोंडात जाईल. टांगायचेच असतील तर पोकळ चॉकलेटचे करा. अर्धगोल मोल्डमध्ये चॉकलेटचा एक हात ब्रशने, तो घट्ट झाला की दुसरा, कडेला थोडा जाड. काढल्यावर एका अर्ध्याची कड कोमट ताटलीवर दोन सेकंद टेकवायची, आत बदाम-बेदाणे किंवा जेम्सच्या गोळ्या भरून दुसरा अर्धा जोडायचा. प्रत्येक बॉल सेलोफेनच्या पुडीत बांधून पुडीची रिबन फांदीला अडकवा. असं केलं तर धूळ बसत नाही आणि मुंग्याही लागत नाहीत. लाइटच्या माळेपासून लांब, आणि पश्चिमेच्या खिडकीत तर मुळीच नको. दुकानातले प्लास्टिकचे शोभेचे बॉल कापून मोल्ड म्हणून वापरू नका. त्यांचा रंग खाण्यासाठीचा नसतो.

प्रश्न : ज्वारीचं पीठ वापरून करता येतील का? (मंगळवेढा)

येतील. वरच्या दह्याच्या केकच्या कृतीत निम्मा मैदा काढून तेवढं चाळलेलं ज्वारीचं पीठ घाला, सोडा आणि बेकिंग पावडर न घालता मिश्रण अर्धा तास मुरू द्या, मग ती घालून भाजा. मुरवलं नाही तर कचकच लागते. याला बटरक्रीमऐवजी शेंगदाण्याची पेस्ट फार छान जाते: दाणे खरपूस भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवायचे. ५०० ग्रॅम चुऱ्याला १०० ग्रॅम पेस्ट, दोन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ. कुणाला देताना डब्यावर 'शेंगदाणे आहेत' असं लिहा. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते.

प्रश्न : २४ तारखेला पुण्याला न्यायचे आहेत. कधी करू, कसे नेऊ? (रेल्वे लाइन्स)

२१ ला कड्या वाळत घाला. २२ ला केक. २३ ला पहाटे गोळे वळून, गार करून बुडवा आणि संध्याकाळी टोप्या लावा. बटरक्रीमचे बॉल गार खोलीत दोन दिवस टिकतात. सायीच्या गनाशचे एकच दिवस, म्हणून प्रवासाला बटरक्रीम किंवा शेंगदाण्याचे घ्या. प्रत्येक बॉल कागदी मफिन कपात, कप एकमेकांना टेकलेले, डबा एकाच थराचा. मोकळ्या जागी टिश्यूचे बोळे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालात तर दुपारचं ऊन तापायच्या आत पोहोचता. दुपारची गाडी असेल तर डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. बर्फाची पाकिटं टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या कडेला, डब्याला थेट टेकलेली नकोत. कड्या वेगळ्या डबीत न्या आणि तिथे पोहोचल्यावर चॉकलेटच्या थेंबाने बसवा. दोन-चार जास्तीच्या न्या, त्या हमखास तुटतात.