मधले आठ महिने

मुलांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला देणं हे माझं काम. जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. शब्द बदलतात, मुद्दा तोच. “पोरीला शिकवायचं हाय, खरं फी कुठनं आणायची? सरकारचं पैसे येतंय म्हणतात, ते खरंच येतंय काय?” बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही आले तरी हेच विचारतात. एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. तिला सुनीता म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनीताला तिची आत्या घेऊन आली. जांबोटीच्या पलीकडचं गाव, घरची थोडी भातशेती, चार काजूची झाडं, एक म्हैस. दहावीपर्यंत गावात मराठी शाळा, पुढं पीयूसी सायन्स, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी. मार्क चांगले, सीईटी या प्रवेश परीक्षेतला रँकही बरा. आत्याची तक्रार अशी की दोन महिने इंजिनिअरिंगचं नाव काढलं की पोरगी ताटावरून उठते.

“मला इंटरेस्ट नाही मॅडम. मी बीए करते,” सुनीता म्हणाली. नजर टेबलावर.

इथं मी चुकले. मी तिचं बोलणं जसंच्या तसं धरलं. दोन बैठका कल चाचणीत घालवल्या, आवडीनिवडी विचारल्या. चाचणीत यंत्रं आणि गणित वर आलं, तरी ती बीएवरच अडून. तिसऱ्या खेपेला सहज विचारलं, “बरं, बीएची फी किती आहे गं?”

तिनं रुपयापर्यंत आकडा सांगितला. परीक्षा फी वेगळी सांगितली. आणि वर म्हणाली, “बस फुकट आहे.” शक्ती योजना सुरू झाल्यापासून, म्हणजे जून 2023 पासून, आमच्याकडच्या मुलींना सरकारी साध्या बसला तिकीट लागत नाही. इंटरेस्ट नसलेल्या विषयाची फी कुणी इतकी पाठ करत नाही. मी म्हटलं, “इंजिनिअरिंगचा हिशोबही केला असशील. दाखव.”

बॅगेतून वही निघाली. शेवटच्या पानावर सगळं होतं. कॉलेजची फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं. खाली दुसऱ्या बाजूला ‘म्हैस’ आणि तिची किंमत. त्याखाली ‘आईचे गंठण’, आणि पुढं नुसतं प्रश्नचिन्ह. धाकट्या भावाची शाळाही लिहिली होती. पोरीनं गुपचूप घर विकायला काढून बघितलं होतं आणि मग ठरवलं होतं की आपल्याला इंटरेस्टच नाही.

पैशाची अडचण असलेली मुलं ‘पैसे नाहीत’ असं म्हणत नाहीत. त्यात आईबापाचा कमीपणा होतो असं त्यांना वाटतं. ती म्हणतात आवड नाही, जमणार नाही, लांब आहे. हे मला ठाऊक होतं, तरी दोन बैठका गेल्या.

त्या पानावर मी एकच भर घातली. ‘किती’ या रकान्याशेजारी ‘कधी’ असा रकाना आखला. फी कधी भरायची, आणि मदत कधी येणार. सगळी गाठ तिथं असते. प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि शिष्यवृत्ती हातात पडायला मार्च-एप्रिल उजाडतो. पैसे येत नाहीत असं नाही, पण मधले सात-आठ महिने कुणी सांगत नाही. त्या महिन्यांत घरात सावकार शिरतो, नाहीतर लग्नाचं स्थळ.

पुढच्या रविवारी वडील आले. टोपी हातात घेऊन बसले. मी त्यांना मामा म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात.

“मॅडम, आमी मराठी. हितलं सरकार आमाला देनार न्हाई, आनि तितलं म्हनतंय तुमी कर्नाटकातलं. मग आमी जायचं कुटं?”

या वाक्यामागं सीमावादाची साठ-सत्तर वर्षं आहेत, ती एका बैठकीत उलगडत नाहीत. मी फक्त कागदाचं बोलले. कर्नाटकातल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मातृभाषेची अट नाही. लागतो तो जात-उत्पन्नाचा दाखला, आधार, आणि एसएसपी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज. मराठा समाज इथं मागासवर्गीयांच्या 3ब प्रवर्गात येतो, बाकीच्या बऱ्याच मराठी भाषक जाती 2अ मध्ये, काही प्रवर्ग 1 मध्ये. प्रवर्ग बघून उत्पन्नाची मर्यादा बदलते, म्हणून शेजाऱ्याच्या पोराला मिळाली यावरून आपलं ठरवू नये. भाषेची अडचण आहे ती वेगळीच. दाखला कन्नडमध्ये, मोबाईलवर येणारे मेसेज बऱ्याचदा कन्नडमध्ये, आणि मामांना वाचायला फक्त मराठी येतं. ‘अर्ज अपूर्ण आहे’ असा मेसेज महिनाभर पडून राहिला आणि शिष्यवृत्ती बुडाली, अशी दोन घरं मी याच वर्षी बघितली.

मग महाराष्ट्राची बाजू. मामांच्या कानावर आलं होतं की पलीकडं मुलींना इंजिनिअरिंग फुकट केलंय. त्यात तथ्य आहे. जुलै 2024 च्या निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठराविक प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी तिथलं सरकार भरतं. सीमाभागासाठीही दार आहे. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘टाइप ई’ म्हणून उमेदवारी असते. वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी केलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी. त्याला महाराष्ट्राचं डोमिसाईल लागत नाही. गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांच्या यादीत असल्याचा रहिवासाचा दाखला आणि मातृभाषेचा शाळेचा दाखला लागतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतही या 865 गावांतल्या मराठी भाषकांची सोय केलेली आहे.

हे ऐकून मामा सरळ झाले. “मग कोल्हापूरलाच घालूया की!”

सुनीतानं वही पुढं सरकवली. हॉस्टेल आणि मेस. फी माफ झाली तरी खोलीभाडं आणि जेवण माफ होत नाही, आणि खर्चात तेच सगळ्यात जड. बेळगावात शिकली तर फी भरावी लागेल, पण घरून बसनं ये-जा करता येईल. दोन्ही पारडी वहीत मांडली तेव्हा फरक मामांना वाटला होता तेवढा निघाला नाही. शिवाय महाराष्ट्राची सीईटी तिनं दिलीच नव्हती. त्या दाराचा विचार बारावीच्या हिवाळ्यात करायचा असतो, जुलैत नव्हे.

इथं एक गोष्ट जरा रागानं लिहिते. काही पालक कोल्हापुरातल्या पाहुण्याच्या पत्त्यावर रेशन कार्ड काढतात, तिकडचं डोमिसाईल जमवायला बघतात. त्यांना मी हात जोडते. सीमाभागासाठी सरळ वाट असताना खोट्या पत्त्याची वाट कशाला? उद्या छाननी झाली की तिकडचं जातं, आणि इकडचा रहिवासी म्हणून असलेलं तेही अडचणीत येतं. दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहायचं वय मुलांचं नाही.

तर बेळगाव ठरलं. व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात, हाताशी कॉलेजं बरीच. सरकारी कोट्यातून जागा मिळाली. एक संधी मात्र हुकली होती. सीईटीच्या प्रवेशात पाच टक्के जादा जागा शिक्षण फी माफीच्या असतात, त्यांना एसएनक्यू म्हणतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. मामांचं उत्पन्न त्याच्या जवळपासही नाही. पण सायबरवाल्यानं अर्ज भरताना तो रकाना रिकामा सोडला, आणि कुणी विचारलं नाही. अर्जाची प्रिंट घरी आणून एकेक ओळ वाचा, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला बजावते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या कन्नडच्या मास्तरांकडं जा, ते नाही म्हणत नाहीत.

आता उरले मधले आठ महिने. पहिल्या वर्षाची फी आणि इतर मिळून आकडा लाखाला टेकत होता. मामांच्या मनात गावातल्या एकाकडून उचल घ्यायची होती, महिना तीन टक्क्यानं. मी कॅल्क्युलेटरवर वर्षाचा आकडा करून दाखवला. छत्तीस.

“बँक जमीन लिहून घेनार,” मामा म्हणाले.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात, बस. त्यावर ते हसले. “जमीन माज्या नावावर हाय कुटं? अजून आज्याच्याच नावावर हाय.” ते हसले, पण त्याचा फटका दुसरीकडं बसला होता. कर्नाटकानं 2021 मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी रयत विद्यानिधी सुरू केली. इंजिनिअरिंगच्या मुलीला वर्षाला 11 हजार असा तिचा दर ठरला. पण ती ठरली शेतकऱ्याच्या एफआयडी नंबरवर, म्हणजे शेतकरी म्हणून सरकारी नोंदणीच्या नंबरवर, आणि नंबर निघतो उताऱ्यावरच्या नावानं. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, वारसा लावलेला नाही. आमच्या भागात असे उतारे गावोगाव आहेत. भाऊबंदकीचा तो कागद पोरांच्या फीपर्यंत येऊन पोचतो हे भावांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कर्जाचे दोन रस्ते होते. एक महामंडळाचा. मागासवर्गीयांसाठीच्या देवराज अरस महामंडळाची ‘अरिवु’ योजना सीईटीतून जागा मिळालेल्या मुलांना वर्षाला लाखापर्यंत दोन टक्के व्याजानं कर्ज देते. मराठा समाजासाठी 2020 मध्ये वेगळं महामंडळ जाहीर झालं, त्यांच्याकडंही शैक्षणिक कर्जाचा अर्ज करता येतो. व्याज बघाल तर याला तोड नाही. पण मंजुरी आणि पैसा यात वेळ जातो, म्हणून फीच्या तारखेची मदार मी त्यावर ठेवू देत नाही. दुसरा रस्ता बँकेचा. व्याज जास्त, पण पैसे वेळेवर थेट कॉलेजच्या खात्यात. हप्ता शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतो. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मधल्या काळातलं व्याज केंद्र सरकार सोसतं, अभ्यासक्रम आणि संस्था त्यांच्या नियमात बसत असेल तर. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर द्यावा लागतो. बँक आपण होऊन मागत नाही. सुनीतासाठी बँक धरली. दोन चकरा वाया गेल्या, तिसऱ्या चकरेत साहेब भेटले.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या एका खिडकीवर आणखी 20 हजार रोख मागितले, पावती नाही म्हणाले. मामा द्यायलाच निघाले होते. सुनीतानं फोन केला. मी म्हटलं, “कशाचे ते लिहून द्या म्हण, एवढंच.” कर्नाटकात देणगीवर बंदी घालणारा कायदा 1984 पासून आहे, आणि व्यावसायिक कॉलेजांच्या फीला लगाम घालणारा 2006 चा. खिडकीवर कायदा म्हणून दाखवायची गरज पडली नाही. लिहून द्या म्हटल्यावर मागणी विरली. दरवेळी असं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

पैशाची घडी बसत आली, तरी सुनीताच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं नव्हतं. शेवटच्या बैठकीत मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि तिला म्हटलं, वहीतलं जे अजून विचारलं नाहीस ते विचार.

बराच वेळ गेला. मग म्हणाली, “बाबा, म्हैस इकनार काय?”

मामांनी टोपी फिरवली. “म्हशीचं मी बगतो. तू फारम बग.” थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, “तुला कुनी सांगितलं म्हैस इकायची?” ती रडली, आणि मी पाणी आणायला बाहेर गेले. पाण्याची बाटली टेबलावर होती.

शिष्यवृत्तीचं काय झालं? नोव्हेंबरात वर्गातल्या एका मुलीची आली, हिची नाही. जानेवारीतही नाही. मामांचा फोन, “बगा, मी म्हनलो नव्हतो?” तपासलं तर अर्ज मंजूर. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिचं आधार जोडलं होतं प्राथमिक शाळेत काढलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या खात्याशी. बँकेत जाऊन नवं खातं जोडून घेतलं. एप्रिलात पैसे आले. भरलेल्या फीएवढे नव्हेत, निम्म्याहूनही कमी. पण आले. मामांनी आता वारशाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल कार्यालयात, दिलाय, दोन काकांच्या सह्या झाल्या, तिसऱ्याची गाठ पडायची आहे.

गेल्या आठवड्यात सुनीता परत आली होती. दुसऱ्या वर्षाची फी दोन हप्त्यांत भरू द्यावी असा अर्ज प्राचार्यांना द्यायचा होता. कन्नडमध्ये मसुदा मी केला. तिनं वाचला, पेन मागून घेतलं, आणि माझ्या दोन चुका दुरुस्त करून खाली सही केली.