कोल्हापुरातली घरे वाड्यापासून फ्लॅटपर्यंत कशी बदलली

आपण विचारले आहे की कोल्हापुरातल्या घरांची शैली कशी बदलत गेली आणि शिवाजी पेठेतले आपल्या आजोबांचे घर नेमके कोणत्या प्रकारात बसते. खांबांवरची नक्षी किंवा दारावरची गणेशपट्टी पाहून घराचा काळ ठरवण्याची पद्धत आहे, परंतु नक्षीकाम एका घरातून काढून दुसऱ्याला बसवता येते. माझ्या मते घराची मोकळी जागा कुठे आहे, हे आधी पाहावे, कारण उजेड आणि वारा कुठून घ्यायचा यावरच बाकीची मांडणी ठरते.

घरे काळाबरोबर मोठी आणि पक्कीच होत गेली, असेही मानू नये. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात इसवी सनपूर्व १४०० ते १००० या काळातली ऐसपैस चौकोनी घरे सापडली, तर त्यानंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या मिळाल्या. पाऊसमान घटून शेती आक्रसली, असे त्याचे कारण संशोधक देतात. आपल्याकडे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळातल्या विटांच्या घरांचे अवशेष निघाले. तरीही पुढे कित्येक शतके इकडची सामान्य घरे पांढऱ्या मातीच्या भिंतींचीच राहिली.

पेठांमधला वाडा रस्त्याकडे जवळजवळ बंद असतो आणि आतल्या चौकात उघडतो. घडीव काळ्या दगडाचे जोते, दिंडी (मोठ्या दारातले छोटे दार) असलेला दरवाजा, ढेलज म्हणजे दारामागची देवडी, मग चौक, त्याच्या भोवती सोपे म्हणजे चौकाकडे उघडणाऱ्या पडव्या, मागे माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परडे म्हणजे परसू, असा क्रम साधारणपणे आढळतो. भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर पडतो. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण साडेचार ते पाच फुटांचा, आणि खोली मोजायची ती खणांत: दोन खणी, तीन खणी, पाच खणी. माजघर लांबट आणि अरुंद का असते, याचे उत्तर तुळईच्या लाकडात आहे, कारण जेवढ्या लांबीचे सरळ लाकूड मिळे तेवढीच खोलीची रुंदी ठेवता येई. छपराच्या चारही पाखांचे (उतारांचे) पाणी चौकात उतरे आणि दगडी मोरीतून बाहेर जाई. छपराचा आकार मात्र पावसाने ठरवला. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शिरोळकडे ५०० च्या आसपास, त्यामुळे पश्चिमेला उतरती कौलारू घरे आणि पूर्वेला मातीच्या धाब्याची, म्हणजे सपाट छपराची घरे, असा फरक एकाच जिल्ह्यात पाहायला मिळतो.

मोकळी जागा आतून बाहेर कशी गेली, हे आपल्या दोन राजवाड्यांकडे पाहिले की लगेच ध्यानात येते. भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा पेठांच्या दाटीत, चौकांभोवती वसलेला आहे. १८७७ ते १८८४ या काळात मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेला नवा राजवाडा विस्तीर्ण आवाराच्या मधोमध उभा आहे. १८९१ साली रेल्वे आली, १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, आणि नंतर त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात राजारामपुरी सरळ, क्रमांकित गल्ल्यांनी आखली गेली. मंगळूरच्या कारखान्यांत १८६५ पासून बनू लागलेली एकमेकांत अडकणारी कौलेही आपल्याकडे रुळली. ती नळीच्या कौलांसारखी दरवर्षी परतावी लागत नसल्याने घरमालकांचा मोठा जाच संपला. ताराबाई पार्कातला बंगला चारही बाजूंनी अंगण राखतो, खिडक्या बाहेर उघडतो आणि चौकाऐवजी मध्ये हॉल ठेवतो.

फ्लॅटचा भाग थोडक्यात सांगतो. १९६३ आणि १९७० च्या कायद्यांनी मजल्यावरच्या घराची मालकी कागदावर आली, १९८२ साली सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले, आणि स्लॅबच्या इमारती झपाट्याने वाढल्या. तेथे मोकळी जागा सामाईक झाली आणि घराच्या वाट्याला बाल्कनी उरली. तीही अनेक जण काचा लावून खोलीत घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपल्या घराबद्दल. पेठांतली पुष्कळ अरुंद आणि खोल घरे ही वाटणीतून झालेली आहेत. भावाभावांत वाटप करताना एकेकाच्या नावे दोन-दोन खण धरले जात आणि मधे भिंत चढे. म्हणून आपण आधी माजघरातल्या तुळयांमधले अंतर टेपने मोजावे, मग शेजाऱ्याच्या बाजूच्या सामाईक भिंतीशी तुळई कशी संपते ते पाहावे. मूळ घराची तुळई खांबावर, हस्तावर (खांबाच्या माथ्यावरच्या लाकडी आधारावर) नीट टेकलेली असते. वाटणीच्या भिंतीत ती मध्येच शिरते किंवा करवतीने कापलेले टोक दिसते. जमिनीतल्या मोरीची दिशाही तपासावी, कारण चौकाचे पाणी जिकडे जात होते तिकडेच जुन्या मोऱ्या वळलेल्या असतात. लोखंडी तुळया, शहाबादी फरशी किंवा मंगलोरी कौले दिसली तरी त्यावरून घर नवे ठरवू नये; बहुधा ती नंतरच्या दुरुस्तीतली असतात. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि जुना नकाशा काढला, तर आपले आणि शेजारची घरे एकाच मूळ क्रमांकाची पोटविभागणी आहेत का, हे कळेल, आणि तसे असल्यास वाड्याचा चौक कोणाच्या वाट्याला गेला याचाही अंदाज त्याच नकाशावरून बांधता येईल.