दोन पेगनंतर तीच सिस्टीम जास्त चांगली का वाजते?

तुम्ही विचारलंय की दोन पेग झाले की तीच सिस्टीम, तेच गाणं एकदम भरीव वाटतं, आणि गांजा ओढणारा तुमचा मित्र म्हणतो की त्याला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. यात कानाचं किती आणि मनाचं किती?

मी कोल्हापुरात ॲम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्त करतो. राजारामपुरीत एका मित्राकडे आमची शनिवारी रात्री ऐकायची बैठक बरीच वर्षं चालली, आणि तिथं बाटलीही असायची.

दारूनं कान तल्लख होत नाही, तात्पुरता जड होतो. हलके आवाज निसटतात, त्यातही खालच्या पट्टीतले जास्त. कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. मोठा आवाज आला की रिकिबीला लागलेला एक चिमुकला स्नायू आवळतो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. दारू पोटात असली की हा स्नायू सहजी जागा होत नाही. म्हणजे ऐकू कमी येतं म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढवलेला टोचतही नाही. त्यात आवाज मोठा झाला की खर्ज आणि टीप दोन्ही आपोआप भरलेले वाटतात. हे न प्यालेल्या माणसालाही होतं. तुमचा भरीवपणा मुख्यतः इथून येतो असं माझं मत आहे. उरलेलं काम सैलावलेलं मन करतं, आणि तो आनंद खोटा नाही.

एकदा आम्ही व्हॉल्यूमच्या नॉबवर पेन्सिलीनं खूण केली. पहिल्या पेगआधी खुर्चीपाशी फोनवरचा मीटर ७६ डेसिबल दाखवत होता. तिसऱ्यानंतर त्याच रेकॉर्डला ८८. आवाज कुणी वाढवला, एकालाही आठवेना. दर ३ डेसिबलला ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते. १२ म्हणजे सोळापट. तान टिपेला गेली की ॲम्प्लिफायरची ताकद संपते, लहरींचे माथे कापले जातात आणि ट्वीटरची, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, बारीक तार तापून जळते. त्या मित्राचे दोन ट्वीटर असेच गेले. ट्वीटर मी बदलून देतो. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. कारखान्यातल्या माणसासाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास. आमची बैठक त्याहून लांबायची, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

गांजाचं वेगळं. तिथं बदल कानापेक्षा वेळेत आणि स्मृतीत होतो. लक्ष एका जागी खिळतं, क्षण ताणल्यासारखा होतो, आणि आत्ताच ऐकलेलं धरून ठेवणारी पकड सुटते. त्यामुळे तुमचा मित्र सांगतो ते खरं असेल. पण आमचं गाव म्हणजे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी गायले ते गाव. इथं जयपूर घराण्याचं गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला एवढं पुरत नाही. विलंबित तीनतालाच्या सोळा मात्रा मनात चालू असतील, तरच गवई मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा जीव निवतो. जोडरागात एका रागातून दुसऱ्यात पाऊल कुठं पडलं हे कळायला मागची जागा आठवावी लागते. विशीत मी दोनदा ओढून याच घराण्याच्या मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड ऐकली. एकेक आकार रंकाळ्याएवढा पसरला, आणि सम दर वेळी अचानक अंगावर आली. स्वर उरले, गाणं हरवलं. मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गांजा ओढणं गुन्हा आहे, हे मित्राला सांगा.

औषधांचंही सांगून ठेवतो, कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं. फिट्सवरचं कार्बामाझेपीन घेणाऱ्या काही थोड्या जणांना सूर जवळपास अर्ध्या स्वरानं उतरलेला ऐकू येतो. म्हणजे पेटी काळी एकमध्ये वाजतेय आणि कानाला पांढरी एक. असं झालं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी थांबली की ते पूर्ववत होतं. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतली तर कानात शिटी वाजते, तीही सहसा औषध थांबल्यावर जाते. दोन्ही वेळा माणूस स्पीकरवर संशय घेत बसतो.

स्पीकर निवडायला किंवा बास-ट्रेबल लावायला मात्र पिऊन बसू नका. रात्री लावलेले टोन सकाळी चहा घेताना ऐका, किती चढवलेत ते लगेच कळेल. प्यायचीच असेल तर नॉबवर खूण आधी करा आणि हात तिच्यापुढे जाऊ देऊ नका. आमची बैठक आता रविवारी सकाळी दहाला असते. तीन रेकॉर्डी ऐकून होतात, आणि पेन्सिलीची ती खूण नॉबवर अजून आहे.