हिवाळ्यात घर उबदार आणि स्टायलिश दिसावं म्हणून काय करता येईल?

नवीन फर्निचर वगैरे राहू द्या, आधी बल्ब बदला. ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा उजेड असेल तर कितीही भारी कुशन आणा, खोली दवाखान्यासारखीच वाटणार. २७०० वाला पिवळसर घ्या, आकडा बॉक्सवर छापलेला असतो, आणि छताला एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यात दोन छोटे लॅम्प ठेवा. मग पडदे. जाड, अस्तरवाले आणि पार जमिनीला टेकणारे, कारण काचेजवळची हवा गार होऊन खालूनच खोलीत सरकते, आखूड पडद्याला ती जुमानत नाही. दिवसा ऊन असेल तेव्हा मात्र उघडेच ठेवा. सोफ्याच्या हातावर एखादी जाडसर विणलेली शाल नुसती टाकून द्या, घडी घातली की शोरूम वाटतं. मेणबत्त्या लावल्यात तर पडद्यापासून लांब हां.